इकडे आठ, तिकडे साडेतीन

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारी दुपारी मी दुकानात एका सेटटॉप बॉक्सचं झाकण उघडून बसलो होतो, तेवढ्यात मोठ्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. "हॅलो" म्हणाली आणि मला कळलं, पोरगी घाबरली आहे.

"बाबा, घरी एक पत्र आलं. त्याच्यावर कोणाचं नाव नाही, नुसतं 'या घरात राहणारे' असं लिहिलं हाय. म्हणते, या पत्त्यावर टीव्हीचं लायसन नाही. तपासायले माणूस येऊ शकते म्हणते."

"तुमच्या घरी टीव्ही हाय काय पण?"

"घरमालकाचा एक जुना पडला हाय खालच्या खोलीत. त्याची पिन कोणी बोर्डात बी लावत नाही. आम्ही सगळ्याजणी मोबाईलवरच पाह्यतो."

मोठी नर्स आहे. इंग्लंडमधल्या लेस्टरला जाऊन तिला दीड वर्ष झालं. चौघी मिळून एक घर भाड्यानं घेतलं आहे. दोघी केरळच्या, एक पंजाबची आणि ही. दवाखान्यात भल्याभल्या रोग्यांना सांभाळणारी पोर त्या एका कागदानं हादरली होती, कारण त्यात दंडाचा आकडा होता आणि "कोर्ट" हा शब्द होता. परक्या देशात व्हिसावर राहणाऱ्या माणसाला तो शब्द पुरे होतो.

मी म्हटलं, "दोन दिवस थांब माय. भीतीपोटी पैसे भरू नोको आन् पत्र फाडू बी नोको. मी पाह्यतो."

टीव्हीचं लायसन हा शब्द तिनं जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. मी मात्र त्याच शब्दाच्या घरात वाढलो. माझ्या दुकानात काउंटरच्या खाली पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात जुने व्हॉल्व्ह, डायलच्या दोऱ्या, बॅण्डस्विच असलं सामान आहे, आणि सगळ्यात खाली प्लास्टिकच्या पिशवीत दादांचं रेडिओचं लायसन बुक आहे. दादा म्हणजे माझे वडील.

नव्या पोरांना हे खरं वाटत नाही, म्हणून नीट सांगतो. आपल्या देशात रेडिओ घरात ठेवायला सरकारी परवाना लागत होता. १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा होता, त्यात परवान्याशिवाय असं यंत्र जवळ बाळगायलाच मनाई होती. तुम्ही ऐका की नका ऐकू, यंत्र तुमच्या घरी आहे ना, मग परवाना पाहिजे. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे. दादांच्या वेळी रेडिओला वर्षाला १५ रुपये होते आणि टीव्हीला ५०. पासबुकासारखं एक लहानसं पुस्तक असायचं, त्यात त्या पैशाची तिकिटं चिकटवायची आणि वरून पोस्टाचा शिक्का. टीव्हीचं लायसन आमच्या गावानं पाहिलंच नाही, कारण गावात पहिला टीव्ही यायच्या आतच, १९८४-८५ च्या सुमारास, सरकारनं रेडिओ-टीव्हीची दोन्ही लायसनं बंद केली.

दादांनी रेडिओ घेतला १९७८ मध्ये. तेव्हा कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदीत जायचा. त्याचे पैसे हातात आल्यावर दादा सायकलनं राळेगावला गेले आणि तीन बॅण्डचा रेडिओ मांडीवर घेऊन मोटरीनं परत आले. सायकल मोटरीच्या टपावर. घरी लाईट नव्हती. चार सेलवर चालायचा. सेल उतरले की माय ते उन्हात वाळू घालायची आणि त्यावर आणखी दोन-तीन दिवस निघायचे. छपरीतल्या कोनाड्यात रेडिओची जागा होती. संध्याकाळी नागपूर केंद्र लागलं की शेतीचा कार्यक्रम आणि बातम्या ऐकायला पंधरा-वीस माणसं छपरीत बसायची. बाया आतल्या दाराशी. पोट्टे अंगणात, पण आवाज करायचा नाही ही अट.

रात्री उशिरा दादा शॉर्टवेव्हवर बीबीसीची हिंदी लावायचे. तो आवाज समुद्राच्या लाटेसारखा जवळ यायचा आणि दूर जायचा. समुद्र मी तेव्हा पाहिलेला नव्हता, नंतर पाहिला तेव्हा मला तो शॉर्टवेव्हसारखा वाटला. रेडिओ उघडून आत काय आहे ते पाहावं असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्याच आवाजामुळे. पुढे आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड घेतला तो तिथूनच.

एका वर्षी पीक गेलं. कपाशीच्या बोंडात पाणी शिरलं, तूर जळाली, आणि दादांचे लायसनचे पैसे राहून गेले. नेमका त्याच वर्षी तपासणीचा साहेब गावात आला. तो वेशीवर यायच्या आधी त्याची खबर गावात आली. पाच मिनिटांत गावातले सगळे रेडिओ गुप्त झाले. कोणी कुटाराच्या ढिगात खुपसला, कोणी ज्वारीच्या कोठीत, एका काकूनं तर कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवला. माय दादांना म्हणाली, "उचला ना जी, ठेवा आतमंदी."

दादा उठले नाहीत. म्हणाले, "सारं गाव इथं बसून आयकते. लपवू कोणापासून?"

साहेब छपरीत आला, बसला, पाणी प्यायला. पुस्तक मागितलं. दादांनी दिलं आणि सरळ सांगितलं, "यंदाचे राह्यले साहेब. पिकानं धोका देल्ला." त्याला रेडिओ उचलून नेता आला असता. त्यानं नाव लिहून घेतलं आणि मुदत दिली. त्या माणसाचं मला अजूनही बरं वाटतं.

त्या संध्याकाळी बातम्या संपल्या आणि कोणी उठेना. मग आमच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं धोतराच्या सोग्यातून आठ आणे सोडले आणि रेडिओच्या टपावर ठेवले. त्याच्यामागून दुसऱ्यानं. दादा नाही-नाही म्हणत राहिले. म्हातारा म्हणाला, "कान आमचे, लायसन तुयं एकट्याचं कसं?" दादांनी ती चिल्लर फडक्यात बांधली, वरचे पैसे घातले आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात भरून आले. त्या वर्षाचं तिकीट पुस्तकात आहे. मी दर दिवाळीला पेटी साफ करताना ते पान उघडतो.

तर लेकीच्या पत्रामुळे हे सगळं वर आलं. दोन रात्री मी आणि धाकटा मोबाईल घेऊन बसलो आणि तिकडचा नियम मुळातून वाचला. इंग्रजी मला जमतं तेवढं, बाकी त्यानं सांगितलं. वाचता वाचता मला एक गोष्ट लक्षात आली. आपला जुना कायदा वस्तूवर होता, तिकडचा पाहण्यावर आहे.

तिकडे नुसता टीव्ही घरात असल्यानं लायसन लागत नाही. घरमालकाचा तो जुना डबा खाली पडून आहे, त्यावर कोणी काही पाहत नाही, तर त्याचे पैसे नाहीत. कोणी त्याच टीव्हीवर सीडी लावून सिनेमा पाहिला किंवा नेटवरून मागाहून एखादी मालिका पाहिली तरी नाहीत. लायसन लागतं ते चालू कार्यक्रम पाहायला. म्हणजे एखादं चॅनल या क्षणी जे दाखवत आहे ते तुम्ही याच क्षणी पाहत असाल, किंवा रेकॉर्ड करत असाल, तर लायसन पाहिजे. मग ते टीव्हीवर असो, लॅपटॉपवर असो की मोबाईलवर. आणि बीबीसीचं आयप्लेअर म्हणून जे अ‍ॅप आहे, त्यावर चालू असो वा जुनं, काहीही पाहिलं तरी पाहिजे. ते १ सप्टेंबर २०१६ पासून. त्याआधी आयप्लेअरवर मागाहून पाहणाऱ्याला लागत नव्हतं.

"मोबाईलवरच पाह्यतो" म्हणून ती निर्धास्त होती, आणि फसगत नेमकी तिथं होते. काचेचा आकार केवढा, याला कायदा विचारत नाही.

दुसरी फसगत माझीच होत होती. मला वाटलं, आपण बीबीसी पाहत नाही तर बीबीसीचे पैसे कशाला? पण तसं नाही. पैसा मुख्यतः बीबीसीला जात असला तरी लायसन कोणत्याही चॅनलच्या चालू कार्यक्रमाला लागतं. बाहेर देशाचं चॅनल असेल तरी. ते चॅनल ज्या अ‍ॅपवर दिसतं त्याचे महिन्याचे वेगळे पैसे तुम्ही भरत असाल तरी. आपल्याकडे डिशचा रिचार्ज केला की विषय संपतो, आणि नाही केला तर पडदा काळा होतो. गिऱ्हाईक मग माझ्या दुकानात येते. तिकडे लायसन नसलं तरी चित्र दिसतच राहतं. पडदा काळा करून कोणी आठवण देत नाही. घरात राहणाऱ्यानं स्वतःच ओळखायचं, आपण पैसे लागणारं काही पाहतो की नाही. नाही लागत तर तसं त्यांना कळवता येतं. लागत असून नाही भरले तर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. हे २००३ च्या त्यांच्या कायद्यात आहे.

रक्कम लहान नाही. तेव्हा, १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरानं, वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स होते. आपल्या पैशात वीस हजारांच्या घरात. हप्त्यानं भरता येते. रेडिओला मात्र तिकडे काहीच लागत नाही, त्यांनी रेडिओचं वेगळं लायसन १९७१ मध्येच काढून टाकलं. आणि मला सगळ्यात नवल याचं वाटलं की ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीचं लायसन तिकडे अजून आहे, रंगीतच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. इतकी वर्षं मी पिक्चर ट्यूब बदलल्या. असा सेट चालू ठेवणारा कोणी तिकडे असेल तर त्याचा मेकॅनिक कोण, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं. पंचाहत्तरीच्या वरच्या माणसाला आधी सरसकट फुकट होतं, २०२० च्या ऑगस्टपासून ते फक्त गरिबीमुळे सरकारी पेन्शनची जोड मिळणाऱ्यांनाच राहिलं. हे वाचून मला वाईट वाटलं. म्हातारपणी एकट्या माणसाला घरात दुसरा आवाज कोणता असतो?

मग प्रश्न आला "घर" म्हणजे काय. लायसन घराला, म्हणजे पत्त्याला असतं, माणसाला नाही. एका घरात पाच टीव्ही असोत, एकच पुरतं. पण चौघी भाड्यानं राहतात ते एक घर की चार? आपल्याकडे याचं उत्तर चुलीवर असतं. आमच्या वाड्यात तीन चुली होत्या, म्हणून रेशन कार्डं तीन. तिकडे ते भाड्याच्या कागदावर असतं. चौघींनी मिळून एकाच करारावर सही केली असेल तर घर एक, लायसन एक. प्रत्येकीचा आपापल्या खोलीचा वेगळा करार असेल तर खोली हेच तिचं घर, आणि तिथं चालू कार्यक्रम पाहायचा तर बहुतेक वेळा तिचं स्वतःचं लायसन.

मी तिला विचारलं, "करार पाह्यला काय नीट?"

"नाही बाबा. सही केली तेवढी."

हे मला खटकलं आणि मी तिला बोललो. सही करायचा कागद वाचायचा असतो, मग तो बँकेचा असो की भाड्याचा. तिनं त्याच रात्री काढून वाचला. करार एकच होता, खाली चौघींच्या सह्या.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक बारीक नियम आहे, तो मला मेकॅनिक म्हणून आवडला. शिकायला बाहेर राहणाऱ्या पोराच्या आईबापांच्या घरी लायसन असेल, तर त्या पोराला खोलीवर तेच चालतं, पण यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालत असेल तर. चार्जर भिंतीत लावून पाहिलं की चालत नाही. आमचा चार सेलचा रेडिओ आठवला. पण मोठी विद्यार्थी नाही, आणि तिच्या आईबापाचं घर राळेगाव तालुक्यात. तो नियम तिच्या कामाचा नव्हता.

एवढं सगळं समजल्यावर मी तिला फोन लावला आणि म्हटलं, "आता खरं सांग. तुम्ही पाहता काय?"

केरळच्या पोरी आपल्या मालिका दुसऱ्या दिवशी पाहतात. मागाहून पाहिलं, आयप्लेअरवर नाही, लायसन नाही. पंजाबची पोरगी गाणी ऐकते, जुने सिनेमे पाहते. नाही. मोठी थोडी गप्प बसली.

"बाबा, मी आईसंगं पाह्यतो ना."

मला ते माहीत होतं, पण त्या क्षणापर्यंत डोक्यात आलं नव्हतं. रोज संध्याकाळी आठला इकडे हिची मराठी मालिका लागते. तिकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन असतात, थंडीत अडीच. मोठी रात्रपाळी करून झोपते, तिला साधारण तेव्हाच जाग येते. ती अंथरुणातच अ‍ॅपवर तेच चॅनल चालू लावते, दुसऱ्या बाजूला फोन कानाशी, आणि मायलेकी एकाच वेळी एकच मालिका पाहतात. बोलतात कमीच. "पाय, आता हे रडीन." "त्या सासूले समजत नाही काय?" असं. जाहिरात लागली की मग घरचं बोलणं, काय खाल्लं, पाय दुखतो काय, पऱ्हाटी कशी हाय. मी जेवत असतो, मला एका बाजूचं ऐकू येतं.

म्हणजे तीच मालिका तिनं एकटीनं उद्या पाहिली तर एक पेन्सही लागत नाही. आईबरोबर आज पाहिली तर १७४ पौंड ५० पेन्स.

तिची आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती आली आणि म्हणाली, "वीस हजार? नोको माय. तू सकाळी पाह्यत जाय. मले फोनवर सांगजो मंग."

मोठी म्हणाली, "सकाळी पाह्यल्यावर तू कुठं असशील आई?"

मी मध्ये बोललो नाही. खरं म्हणजे मला एक सोपा रस्ता सुचवणारे त्या दोन दिवसांत तीन-चार जण भेटले. कोण पाहायला येते, दार उघडू नको, तपासणाऱ्याला कोर्टाच्या वॉरंटशिवाय घरात शिरता येत नाही, असं सगळं. शेवटचं खरंही आहे. पण मी पोरीला ते शिकवणार नव्हतो. दाराची कडी लावून, पाऊल वाजलं की फोन उशीखाली सारून आईशी बोलायचं, हे मला सहन झालं नसतं. डालग्याखालचा रेडिओ मी पाहिला आहे, त्यातून आवाज दबून येतो. आणि त्याच वेळी, पाहत नसाल तर नुसत्या पत्राच्या धाकानं भरायचेही नाहीत. चौघी फक्त मागाहून पाहणाऱ्या असत्या तर मी तिला लायसनची गरज नाही असं कळवायला लावलं असतं आणि निवांत झोपलो असतो.

बीबीसीचं म्हणाल तर मला तो पैसा वायाही वाटत नाही. दादांच्या काळात त्या हिंदी बातम्यांचा खर्च तिथलं सरकार करायचं. २०१४ च्या एप्रिलपासून जगभराच्या त्या सेवेचा भार मुख्यतः याच लायसनच्या पैशावर आला. शॉर्टवेव्हवरची हिंदी ३१ जानेवारी २०२० ला थांबली. म्हणजे शेवटची सहाएक वर्षं माझ्या दुकानातल्या रेडिओवर संध्याकाळी जो आवाज लागायचा, त्याला लेस्टरच्या घराघरातून गेलेले पैसे होते. त्या घरांना माझं दुकान माहीत नव्हतं.

मोठीनं रात्री बाकीच्या तिघींना सगळं सांगितलं. पत्र सगळ्यांच्या नावानं आहे, पण चालू पाहणारी मी एकटी आहे, तेव्हा मी भरते, असं म्हणाली. केरळची मोठी पोरगी म्हणाली, घर एक, कागद एक, तर चौघी भरू. क्रिकेट असलं की आम्हीही तुझ्या खोलीत येऊन बसतो ते कुठं गेलं? एकीच्या वाट्याला ४४ पौंडांच्या आत. मोठीनं मला हे फोनवर सांगितलं, तेव्हा मी तिला थांबायला सांगितलं, पेटी उघडली आणि दादांच्या पुस्तकातलं ते पान कॅमेऱ्यापुढे धरलं. आठ आण्यांची गोष्ट तिला मी आधी कधी सांगितलीच नव्हती, याचं मलाच आश्चर्य वाटलं. तिनं त्या पानाचा फोटो मागितला.

लायसन आता ऑनलाईन निघालं, पत्ता त्यांच्या घराचा. खालचा जुना टीव्ही पुसून त्याची पिन बोर्डात लावली आहे. घर बदललं तर लायसनचा पत्ता बदलून घ्यायचा, हे मी तिला दोनदा बजावून ठेवलं आहे.

काल संध्याकाळी आठला मी घरीच होतो. मालिका लागली, फोन लागला. तिकडचं चित्र नेटवरून येतं म्हणून आपल्यापेक्षा अर्धा मिनिट मागं असतं. इकडे सुनेनं दार उघडलं आणि ही एकदम ओरडली, "अगं माय, हा तर..."

फोनमधून आवाज आला, "आई, थांब ना! सांगू नोको, माह्या इथं अजून दार उघडलं नाही!"